विटेपेक्षा कडक सांधा
शिकागो किंवा टोरंटोतल्या शंभर वर्षं जुन्या विटांच्या घराचे सांधे भुसभुशीत झाले, की हौशी घरमालक सिमेंटची गोणी आणतो आणि तिथूनच खरं दुखणं सुरू होतं. त्या काळच्या विटा मऊ, सांधे चुन्याचे. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्यातून हळूहळू सुकून जातं. सिमेंटनं ती वाट बुजते, पाणी विटेत अडकतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. दिवसा वितळणं, रात्री गोठणं हे हिवाळाभर चालतं; काही वर्षांत विटेचं तोंड खपल्या होऊन गळतं, सांधा मात्र दिमाखात तसाच! जाणत्या गवंड्याचा हिशेब उलटा: झिजायचं ते सांध्यानं. म्हणून तो जुना माल हातछिन्नीनं खोल उकरून पुन्हा चुनाच भरतो, तोही थंडी पडायच्या बऱ्याच आधी. पायाचं प्रकरण निराळं. मिनेसोटाच्या उत्तर भागात पाया ६० इंच खोल न्यावा लागतो, नाहीतर गोठून फुगलेली माती तो वर उचलते. पण तळघरात ओल दिसताच महागडी खोदाई सुचवणाऱ्या ठेकेदाराला मी आधी छपराची पन्हळ दाखवेन; बऱ्याचदा तिचंच पाणी भिंतीच्या बुडाशी सांडत असतं.