अंधाराचा हिशेब

आमच्या घरची वीज गेली की मला स्फूर्ती येते, असा आमच्या सौभाग्यवतींचा जुना आरोप आहे. तो अगदीच खोटा नाही. नेरळचा पाऊस ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जून लागला की माथेरानच्या डोंगरावरून ढग खाली उतरतात, एखादी फांदी तारेवर कलंडते आणि अर्धे गाव काळोखात बुडते. अशा वेळी मी ओटीवर खुर्ची ओढून बेडकांची मैफल ऐकत बसतो. यंदा आषाढातल्या अशाच एका संध्याकाळी आतून आवाज आला, "अहो, ओटीवरची स्फूर्ती आवरली असेल तर इन्व्हर्टरचं काय ते एकदा ठरवा."

मराठीच्या प्राध्यापकाला हिशेब येत नाही, हा समज खोडून काढण्याची संधी मी कशी सोडीन? दुसऱ्याच दिवशी कल्याणच्या कॉलेजातून येताना दुकानात शिरलो. बॅटरी 15,000 रुपयांची, टिकणार पाच वर्षे; इन्व्हर्टर 10,000 चा, चालेल दहा वर्षे. बॅटरी 12 व्होल्टची आणि 150 ॲम्पिअर-तासांची, म्हणजे गुणाकार केला तर 1,800 वॅट-तास. पण शिशाची बॅटरी पार तळापर्यंत उपसली की तिचे आयुष्य घटते; शिवाय इन्व्हर्टरही मधल्या मध्ये आपला वाटा खातो. हाती हजारभर लागले तरी समाधान मानायचे. दोन पंखे, चार दिवे आणि मुलीच्या अभ्यासासाठी लागणारे ते इंटरनेटचे डबडे, मिळून 200 वॅट धरा. पाच तासांची सोय झाली. फ्रिज, मिक्सर आणि इस्त्री यांनी अंधारातच राहायचे. लिथियमची बॅटरी जास्त टिकते, तिला मधूनमधून डिस्टिल्ड वॉटर पाजावे लागत नाही. पण तिची किंमत ऐकून मीच दुकानदाराकडे पाणी मागितले.

रात्री जेवणे झाल्यावर मी निकाल वाचून दाखवला. वर्षाचा खर्च 4,000 रुपये. वर्षाकाठी वीज जाते, माझ्या अंदाजाने, 200 तास. म्हणजे अंधाराचा एक तास टाळायला 20 रुपये! परवडत नाही.

शिवाय माझ्याजवळ एक तात्त्विक मुद्दाही होता. घाटावरचे पाणी खाली उतरवून 1915 साली खोपोलीच्या आणि 1922 साली भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरांत वीज निघाली, आणि ती गेली मुंबईकडे, गिरण्या चालवायला. भिवपुरी रोड म्हणजे नेरळच्या पुढचेच स्टेशन. वीज काढून झालेले पाणी पेज नदीतून आमच्या उल्हास नदीला मिळते. मुंबईला वीज, आम्हांला पाणी! 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज काही तास गेली, लोकल थांबल्या, तर देशभर बातमी झाली. आमची गेली तर शेजारचे अण्णा ओरडून विचारतात, "तुमच्याकडेही गेली ना?" आणि होकार आला की निश्चिंत होतात. ज्यांच्या अंगणात वीज जन्मली त्यांनीच ती पेटीत भरून का ठेवावी?

"भाषण छान झालं," सौभाग्यवती म्हणाल्या. "आता मेणबत्ती शोधून ठेवा."

पुढे आठ-दहा दिवसांनी मध्यरात्री पंखा थांबला आणि मला जाग आली. मोबाइलच्या उजेडात पाणी प्यायला उठलो, तर आई खाटेच्या कडेला बसलेली. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला.

"काय हवंय?"

"काही नको. दिवे यायची वाट बघतेय."

न्हाणीघर मागच्या पडवीपलीकडे. मध्ये दोन पायऱ्या. मी तिला नेऊन आणले. उशाशी टॉर्च होता. तो का घेतला नाहीस, असे विचारले तर म्हणाली, "काठी एका हातात, भिंत दुसऱ्या. टॉर्च धरू कुठल्या हातानं?"

"मग मला हाक मारायची."

"तुला पहाटेची गाडी असते रे. एरवी वेळच येत नाही. पावसाळ्यात मी सहानंतर पाणीच पीत नाही."

तांब्या-भांडे उशाशी तसेच भरलेले होते. भरपूर पाणी पीत जा, असे डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर बजावले होते. किती पावसाळे ती तहानलेली झोपत होती, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही. माझ्या 200 तासांत तिचे तास मी धरलेच नव्हते.

सकाळी मुलीने सांगितले, "बाबा, आत बॅटरी असलेला बल्ब मिळतो. वीज गेली तरी तीन-चार तास आपोआप चालू राहतो." किंमत काही शे रुपये! 25,000 परवडत नाहीत म्हणून मी जे नाकारले होते, त्यातले सर्वांत निकडीचे काम इतक्या स्वस्तात होणारे होते. संध्याकाळी दोन बल्ब आणले: एक पडवीत, एक पायऱ्यांवर.

तेव्हा वाचकहो, तासाचा भाव जरूर काढा; पण आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, अंधारात तुझे काय अडते? ज्याचे सर्वांत जास्त अडते तो बहुधा गप्प असतो. कुणाच्या श्वासाचे यंत्र विजेवर चालत असेल तर हिशेबच नको. कुणाचा नुसता पंखा थांबत असेल तर सवडीने ठरवा.

त्यानंतर आमच्या घरात माझ्या हिशेबाला किंमत उरली नाही, हे सांगायला नकोच. दसऱ्याला इन्व्हर्टर आला. वायरमनने विचारले, कोणकोणते पॉइंट जोडू? सौभाग्यवतींनी स्वयंपाकघर सांगितले, मुलीने अभ्यासाचे टेबल. मी पडवी सांगितली.

आईने त्या रात्री तांब्या रिकामा केला. सकाळी म्हणाली, "एवढा खर्च केलास, म्हटलं, एकदा तरी उठलंच पाहिजे!"