एकाचे तीस

कापूस विकून हाती चार पैसे आले की आमचा पुतण्या नवे बेत मांडतो. परवा मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, एप्रिलातल्या ग्रँड नॅशनलवर आत्ताच लावले तर एकाचे तीस!"

त्याला जवळ बसवलं. लिव्हरपूलची ही शर्यत सव्वाचार मैलांहून लांब, ३० अडथळ्यांची. २०२४ पासून फार तर ३४ घोडे धावतात. आत्ता भाव मोठा, कारण तोवर घोडा लंगडला किंवा निवडीत बसला नाही तर तो धावतच नाही. आणि अशा आगाऊ पैजेचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. धावला तरी काय? १९६७ साली तेविसाव्या अडथळ्यापाशी घोडे एकमेकांत अडकले आणि मागे पडलेला फॉइनाव्हन जिंकला. त्याचा भाव होता एकास शंभर! जाणकारांचे अंदाज तिथेच राहिले. शिवाय तेलंगणात २०१७ पासून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे.

"शंकरपटात निदान जोडी डोळ्यांनी पाहता येते," तो पुटपुटला.

"खताच्या दुकानाची उधारीही दिसते की!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उटनूरच्या बाजारात जाऊन ती फेडून आलो. एप्रिलात शर्यत मात्र दोघं मिळून बघणार, फुकटात!