४ कोटी अंकांची मूळ संख्या सापडली. तुमच्या पासवर्डला तिचा काही उपयोग आहे का?

सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता, न जेवता वाचत बसलात, तरी ही संख्या वाचून संपायला जवळपास पावणेपाचशे दिवस लागतील. तिच्यात एकूण ४,१०,२४,३२० अंक आहेत. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी 'जिम्प्स' या प्रकल्पाने जाहीर केलेली ही आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या आहे.

मूळ संख्या म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग न जाणारी. शाळेत आपण २, ३, ५, ७ शिकलो, त्याच जातीची.

एवढी मोठी संख्या लिहायची कशी? २ ला २ ने गुणत जायचं. असे १३,६२,७९,८४१ वेळा २ घेऊन गुणाकार करायचा आणि उत्तरातून १ वजा करायचा. अशा रूपातल्या मूळ संख्यांना 'मर्सेन मूळ संख्या' म्हणतात. ३ आणि ७ याही त्यातल्याच.

तिचा शेवटचा अंक तुम्हीही काढू शकता. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. १३,६२,७९,८४१ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणजे शेवटी २ येतो. त्यातून १ गेला की उरतो १.

बँकेच्या सुरक्षेसाठी उपयोग?

मूळ संख्या म्हटलं की एन्क्रिप्शनचा विषय निघतोच. आरएसए पद्धतीत दोन मूळ संख्यांचा गुणाकार वापरतात हे खरं, पण त्या साधारण तीनशे अंकी असतात आणि मुख्य म्हणजे गुप्त असतात. ही संख्या तर सगळ्या जगाला माहीत झाली! जिची किल्ली चौकात टांगलेली आहे, असं कुलूप कोण लावेल? त्यामुळे तुमच्या यूपीआयच्या सुरक्षेत काहीही बदललेलं नाही.

मग बदललं काय?

शोधणारे. १९९६ पासून जिम्प्समध्ये जगभरातले हौशी लोक घरच्या कॉम्प्युटरवर हे काम करत आले. २०१८ चा विक्रमही तसाच झाला. यावेळी एनव्हिडियाचे माजी कर्मचारी ल्यूक ड्युरंट यांनी १७ देशांतल्या डेटा सेंटर्समधले जीपीयू भाड्याने घेतले. डब्लिनच्या जीपीयूने 'बहुधा मूळ' असा कौल दिला, आणि दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या जीपीयूने शिक्कामोर्तब केलं. यासाठी ड्युरंट यांनी स्वतःचे सुमारे २० लाख डॉलर घातल्याच्या बातम्या आहेत. बक्षीस किती? ३ हजार डॉलर. तेही आपल्या जुन्या शाळेला द्यायचं त्यांनी ठरवलं.

घरच्या कॉम्प्युटरवाल्यांनी आता काय करायचं, हा प्रश्न उरतोच. काम मात्र पुष्कळ आहे. ही ५२ वी 'ज्ञात' मर्सेन मूळ संख्या आहे, पण क्रमाने ५२ वीच असेल असं नाही. तिच्याहून लहान एखादी वाटेत निसटलेली असू शकते, आणि ती तपासणी अजून पूर्ण झालेली नाही.