स्टार्टअपसाठी पोरं तयार आहेत, पण मे महिन्यासाठी आहेत का?

"सर, आमच्या मुलाचं वय २३. एवढ्यात धंदा झेपेल का त्याला?" रत्नागिरीत प्रशिक्षण घेताना हा प्रश्न मला मुलांपेक्षा पालकच जास्त विचारतात. माझं सरळ उत्तर आहे, वयाचा काही संबंध नाही. आजची मुलं मोबाईलवर फोटो काढून पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक आणतात, पॅकिंग छान करतात, बोलायलाही घाबरत नाहीत. अडतं ते दुसरीकडेच.

आपल्याकडचा नेहमीचा धंदा घ्या: हापूसचा पल्प, आंबापोळी. कॅनिंगचा आंबा येतो मे महिन्यात. म्हणजे वर्षभराचा कच्चा माल तीन-चार आठवड्यांत, रोख पैसे मोजून घ्यायचा. हिशेबासाठी धरा, २ टन आंबा ४० रुपये किलोने, ८०,००० रुपये. साखर, बरण्या, गॅस, मजुरी मिळून आणखी ७०,०००. पाऊस सुरू व्हायच्या आत दीड लाख रुपये बरण्यांमध्ये जाऊन बसले! विक्री होणार महिन्याला १५-२० हजारांची, तीही दुकानदार "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणार. दीड लाख परत यायला पुढचा मोहोर उजाडतो. दरम्यान बँकेचा हप्ता, लाईट बिल, आणि घरच्यांचं "काय सुटलं का काही?"

धंदा बसतो तो इथे. माल वाईट नसतो, पैसा अडकलेला असतो.

तरी मुलं येतात ती यंत्राचं कोटेशन घेऊन. पल्पर केवढ्याला, सीलिंग मशीन कुठलं, सबसिडी किती. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती वगैरे गटांना ३५ टक्के अनुदान आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते अनुदान हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावाने ३ वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. त्या भरवशावर मे महिन्यात आंबा घेता येत नाही. प्रकल्प अहवालात खेळतं भांडवलही मागता येतं, पण त्या रकान्यात आपण काहीतरी आकडा टाकून मोकळे होतो. (अहवाल बाहेरून लिहून घेतला असेल तर तो आकडा कुठून आला हेही माहीत नसतं. बँक मॅनेजर नेमका तोच विचारतो.)

दुसरी गोष्ट उधारीची. उद्यम नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असेल तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. ओळखीच्या दुकानदाराला कायदा दाखवायला जाऊ नका, संबंध बिघडतील. पण मोठ्या खरेदीदाराला बिल देताना त्यावर उद्यम क्रमांक आणि पैसे द्यायची तारीख छापा. मागायला लाज वाटते म्हणून बुडालेली उधारी मी भरपूर पाहिली आहे.

आणि "स्टार्टअप" या शब्दाची घाई जरा बाजूला ठेवा. आपल्याच रत्नागिरीतलं गद्रे मरीन बघा. दीपक गद्रे यांनी १९७८ मध्ये मासळीच्या धंद्याला सुरुवात केली. ज्या सुरिमीमुळे आज कंपनीचं नाव परदेशात आहे, ती सुरू झाली १९९४ मध्ये. मधली १६ वर्षं! आपल्या मुलाला आपण १६ महिने तरी देतो का? पहिल्या गणपतीलाच मुंबईचे काका विचारतात, "मग, नोकरीचं काय ठरलं?"

म्हणून पालकांना मी उलटा प्रश्न विचारतो. दुसऱ्या मेपर्यंत मुलाने घरात एक रुपया दिला नाही, तर चालेल का? जमत नसेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. मग त्याने नोकरी सांभाळून पहिल्या वर्षी २०० किलोच आंबा घ्यावा, यंत्र न घेता, दुसऱ्याच्या युनिटमध्ये मजुरी देऊन पल्प काढावा.

ज्यांचं ठरलंय त्यांनी जिल्हा उद्योग केंद्रात दिवाळीनंतर लगेच जा. एप्रिलमध्ये अर्ज करणाऱ्याचं कर्ज मंजूर होईपर्यंत बाजारात आंबा उरलेला नसतो.