आभाळ मोकळं, पण अंगण कुणाचं?

सुट्टीला निघायचं म्हटलं की बॅगा भरायचं काम कुणाचं? अर्थात आपलंच! ह्यांच्या गोळ्या, सासूबाईंची शाल, धाकट्याला गाडी लागते म्हणून आवळासुपारी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सगळ्यांचे चार्जर... ही सगळी यादी आपल्या डोक्यात पाठ असते. अलीकडे या यादीत एक नवी वस्तू येऊन बसली आहे. ड्रोन! चार पंखांचं, पोटाला कॅमेरा लावलेलं, भुंग्यासारखं गुणगुणणारं हे यंत्र आधी फक्त लग्नाच्या मांडवावर दिसायचं. आता ते कॉलेजात जाणाऱ्या लेकाच्या सॅकमध्ये असतं. गडावर गेलो काय, समुद्रावर गेलो काय, वरून शूटिंग झालं नाही तर सहल झालीच नाही असं त्याला वाटतं.

आणि मग कुणीतरी हटकतं. गडावरचा पहारेकरी म्हणतो, "इथं उडवायचा नाही." जंगलाच्या फाटकावर म्हणतात, "हा इथंच ठेवा." मुलगा हिरमुसतो, बाबा हुज्जत घालतात, "अहो, खेळणं आहे ते! त्याला कसले आलेत नियम?" आपण मधल्या मध्ये कानकोंड्या होऊन उभ्या राहतो.

मैत्रिणींनो, आज मला सांगायचंय ते हेच, की ते खेळणं नाही आणि त्याचे नियम आहेत. शिवाय हे नियम आपल्या आनंदावर विरजण घालण्यासाठी केलेले नाहीत. नीट पाहिलं तर त्यातले बरेचसे आपल्याच, म्हणजे बायकांच्याच बाजूचे आहेत.

आधी नियम काय ते पाहू. आपल्या देशात ऑगस्ट २०२१ पासून 'ड्रोन नियम' लागू आहेत. ड्रोनची सरकारदरबारी नोंदणी करायची आणि त्याला ओळख क्रमांक घ्यायचा, जसा आपल्या स्कूटीला नंबर असतो तसा. पाव किलोपर्यंतच्या ड्रोनला 'नॅनो' म्हणतात. त्यापेक्षा मोठा, पण २ किलोपर्यंतचा असेल तर तो 'मायक्रो'. नॅनोसाठी आणि निव्वळ हौसेखातर उडवलेल्या मायक्रोसाठी चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. पण म्हणून तो कुठेही उडवायची मुभा मिळते असं नाही. 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर देशाचा नकाशा आहे. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केले आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतो. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांची होते, आणि त्याहून जवळ किंवा पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते. लाल भागात तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. नियम मोडला तर १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढ्या पैशांत आपल्या घरच्या दोन-तीन सहली होतात!

आता आपण सुट्टीत जातो कुठे? गड-किल्ल्यांवर, कोकणात, गोव्याला, ताडोब्याला, नाहीतर पैसे साठवून काश्मीरला. नेमक्या या सगळ्याच ठिकाणी ड्रोनला अटकाव आहे.

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. रायगड, शिवनेरी, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग... अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. ऊर अभिमानानं भरून आला. यातले काही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, काही राज्याच्या. अजिंठा-वेरूळ असो, ताजमहाल असो की रायगड, अशा वास्तूंवर खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन नेऊन शूटिंग करता येत नाही. त्याला कारणही आहे. शेकडो वर्षांच्या नक्षीवर किलोभराचं यंत्र येऊन आपटलं तर? कड्याच्या कपारीत आग्या मोहोळं असतात, शिकारी पक्ष्यांची घरटी असतात. ती घरघर ऐकून मधमाशा उठल्या तर गडावरच्या लेकराबाळांनी पळायचं कुठे?

जंगलातही तेच. ताडोबा हे १९५५ सालापासूनचं आपलं राष्ट्रीय उद्यान. तिथल्या वाघिणीला, तिच्या बछड्यांना वरून येणारा तो आवाज काय वाटत असेल? आपण जिप्सीतून जाताना श्वास रोखून गप्प बसतो आणि डोक्यावर मात्र हा भुंगा सोडायचा, हे बरं दिसतं का?

गोव्यात दाबोळीचा विमानतळ नौदलाचा आहे, त्यामुळे वास्को, बोगमाळो हा भाग संवेदनशील. जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यात मोप्याचाही विमानतळ सुरू झाला. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि मालवण तिथून काही फार लांब नाही. म्हणजे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उभं राहून "इथं तर नुसता समुद्र आहे" असं म्हणायची सोय राहिलेली नाही. काश्मीरची गोष्ट तर वेगळीच. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत श्रीनगरच्या प्रशासनानं लोकांना त्यांच्याकडचे ड्रोन पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं होतं. २०२५ च्या अमरनाथ यात्रेच्या काळात, १ जुलै ते १० ऑगस्ट, यात्रामार्गांवर ड्रोन, फुगे असं काहीच उडवायला बंदी होती. जिथं जवान डोळ्यांत तेल घालून उभे आहेत, तिथं आपल्या लेकाचा ड्रोन आणि शत्रूचा ड्रोन खालून सारखाच दिसतो, हे विसरून कसं चालेल?

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे बऱ्याच घरांत डोळ्यांत पाणी येतं. मुलगा, भाचा, जावई परदेशात असतो. सुट्टीत येताना घरच्या पोरांसाठी हौसेनं ड्रोन आणतो. पण फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आणायलाच आपल्याकडे मनाई आहे. संशोधन, संरक्षण अशा कामांपुरतीच सवलत. विमानतळावर कस्टमवाल्यांनी तो ठेवून घेतला, तर त्यांचं काहीच चुकत नाही. तेव्हा फोनवर "काय आणू?" असं विचारलं की ड्रोन सोडून काहीही सांगा!

आपण परदेशी निघालो तर? इजिप्त आणि मोरोक्कोत पर्यटकानं ड्रोन नेला तर तो विमानतळावरच अडकतो. शेजारच्या नेपाळमध्येही परवानगीशिवाय उडवता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे. त्याच वर्षी यलोस्टोन उद्यानातल्या प्रसिद्ध रंगीत, गरम पाण्याच्या झऱ्यात एका पर्यटकाचा ड्रोन जाऊन पडला होता. म्हणजे पुढारलेल्या देशांत सगळं चालतं, हाही गैरसमजच. विमानानं देशातल्या देशात जातानासुद्धा ड्रोनच्या सुट्या बॅटऱ्या सामानात टाकायच्या नसतात, सोबतच्या हँडबॅगेत ठेवायच्या असतात. बॅग भरणारीला हे माहीत हवं, नाहीतर रांगेत उभं राहून सगळं सामान उपसायची वेळ तिच्यावरच येते.

सुरक्षेचं कारण तसं सगळ्यांना पटतं. डिसेंबर २०१८ मध्ये ऐन नाताळाच्या तोंडावर लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या तक्रारी आल्या. सुमारे १ हजार उड्डाणांवर परिणाम झाला आणि १ लाख ४० हजारांच्या आसपास प्रवासी अडकले. असं काही सांगितलं की पुरुषमंडळी मान डोलावतात. पण मला त्याहून जवळचं वाटणारं कारण निराळंच आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

बचत गटाच्या कामानिमित्त किनाऱ्यावरच्या एका गावात माझं जाणं-येणं असतं. तिथल्या काही जणींनी घरगुती खाणावळ आणि पाहुण्यांसाठी दोन-दोन खोल्या सुरू केल्यात. त्यांच्याशी बोलताना मी विचारलं, पाहुण्यांचा त्रास कसला होतो? मला वाटलं, कचरा म्हणतील, दारू म्हणतील. तेही म्हणाल्याच. पण एक जण जरा थांबून म्हणाली, "ताई, ते वरून फिरतं ना, त्याचा. मागच्या दारी आमची न्हाणी आहे, वर नुसती झापं टाकलेली. वाळवण घालायला परसात जावं तरी ते डोक्यावर. पदर सावरायचा की पापड पालटायचे?" बाकीच्या हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

विचार करा. आपली गावाकडची घरं भिंतींनी बंद नसतात. अंगण, परस, विहीर, नदीचा घाट, शेताचा बांध, यातच बाईचा अर्धा दिवस जातो. तिथं तिचा आडोसा म्हणजे कुडाचं कुंपण आणि लोकांच्या डोळ्यांतली लाज. ड्रोनला कुंपण नाही आणि लाजही नाही. कुणी म्हणेल, मोबाइलवरही फोटो काढतातच की! काढतात. पण मोबाइलवाला समोर दिसतो. त्याला "ओ दादा, काय चाललंय?" असं खडसावता येतं, तोंड फिरवता येतं. ड्रोनचा मालक कुठे टेकडीमागे बसलेला असतो, कुणाला माहीत? आपण दाद मागायची कुणाकडे, आभाळाकडे?

खासगी क्षणी बाईला चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा आहे. २०१३ मध्ये तो कायद्यात आला आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतही कलम ७७ मध्ये आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे. आपला मुलगा वाईट हेतूनं उडवत नाही, हे मलाही मान्य. त्याला समुद्र टिपायचा असतो. पण समुद्राबरोबर परसातली बाईही त्यात येते, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. आपल्या न्हाणीघरावरून असं काही गेलं तर आपण शांत बसू का?

आता याची दुसरी बाजू पाहा. ड्रोन म्हणजे वाईटच, असं मी मुळीच म्हणत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. १५ हजार महिला बचत गटांना शेतात खतं-औषधं फवारण्यासाठी ड्रोन द्यायचे, असं तिचं उद्दिष्ट. त्यासाठी निवडलेल्या बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. वारा किती, तारा कुठे, उंची किती, हे सगळं शिकून मगच ती ड्रोन हातात घेते. म्हणजे पोटासाठी ड्रोन उडवणारी आपली खेड्यातली सूनबाई नियम शिकते, आणि हौसेसाठी उडवणारा शहरातला पाहुणा म्हणतो, "कसले नियम?" हे उलटंच नाही का?

मात्र दोष एकट्या पाहुण्याला देऊन चालणार नाही. नियम आहेत, पण ते लोकांपर्यंत पोचतात कुठे? दुकानदार ड्रोन विकताना बॅटरी किती वेळ चालते ते सांगतो, तो कुठे चालत नाही ते सांगत नाही. सहल कंपन्या काय आणायचं त्याची भली मोठी यादी देतात, त्यात याचा उल्लेख सहसा नसतो. पोलिसांचे मनाई हुकूम ठराविक मुदतीचे असतात, भाषाही कचेरीची. बाहेरगावच्या माणसाला ते कळावेत कसे? गडाच्या पायथ्याशी, किनाऱ्यावर, जंगलाच्या फाटकावर ठळक मराठीत पाटी का नसावी? जिथं धोका नाही, वस्ती नाही, अशी एखादी मोकळी जागा ग्रामपंचायतीनं अधिकाऱ्यांना विचारून हौशी मंडळींना का दाखवू नये? नुसतं 'नाही' म्हणण्यापेक्षा 'इथं नाही, तिथं चालेल' असं सांगितलं तर पोरंही ऐकतात. हा आपला घरातला अनुभव आहेच की!

आणि आपण काय करायचं? खोल्या भाड्यानं देणाऱ्या मैत्रिणींनी जेवणाच्या वेळा लिहिलेल्या कागदावरच एक ओळ वाढवावी, 'आवारात व गावावर ड्रोन उडवू नये'. पाहुणा रागावेल ही भीती नको. तुमच्या घरचा नियम सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बचत गटांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. आणि बॅग भरणाऱ्या आपण सगळ्याजणींनी ड्रोन आत ठेवण्याआधी लेकाला तीन प्रश्न विचारावेत. याची नोंदणी केलीस का? जिथं जातोय ती जागा नकाशात कुठल्या रंगात आहे? आणि तो जिथं उडवणार, तिथं खाली कोण राहतं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याला मोबाइलवर सापडतील. तिसऱ्याचं उत्तर मात्र घरातूनच शिकवावं लागतं. दुसऱ्याच्या घरात शिरताना उंबऱ्याबाहेरून हाक मारायची, हे आपणच त्याला लहानपणी शिकवलं ना? मग आभाळातून शिरतानाही तेच शिकवायला हवं.