मेणापाशी अडलेले इंधन

वडनेर भोलजीवरून जाणाऱ्या मुंबई-कोलकाता महामार्गावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्यांना लागणाऱ्या डिझेलसाठी देशाला ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशांतून विकत घ्यावे लागते. आणि मिरची-टरबुजाचे पीक निघाले की फाटका मल्चिंग पेपर बांधावर पेटवून दिला जातो, हे चित्रही आपल्याकडे नवे नाही. जळून जाते ते वस्तुतः इंधनच असते.

पॉलिथिन ही मेणाची थोरली बहीण. दोन्हींत कार्बन-हायड्रोजनच्याच साखळ्या. पॉलिथिनच्या हजारो दुव्यांच्या, मेणाच्या वीस-तीस वा थोड्या अधिक दुव्यांच्या. हवा लागू न देता पॉलिथिन नुसते तापविले, तर साखळ्या वाटेल तशा तुटतात आणि बरेचसे द्रव्य थंड होताच मेण होऊन गोठते. झिओलाइटसारखा उत्प्रेरक त्या साखळ्या आणखी तोडून पेट्रोल-डिझेलच्या लांबीवर आणतो. १९२० च्या दशकात जर्मनीत फिशर आणि ट्रॉप्श यांनी कोळशाच्या वायूपासून तेल व मेण घडविले. दक्षिण आफ्रिकेने १९५५ पासून सासोलबर्ग येथे त्याच मार्गाने इंधन काढले. अशा मेणापासून मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक जवळजवळ नसते.

विदर्भाला ही वाट अपरिचित नाही. नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांनी या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत टाकाऊ प्लास्टिकपासून उत्प्रेरकाच्या साह्याने इंधन काढले, तेव्हा कौतुकाचा वर्षाव झाला. (कौतुकाच्या बाबतीत आपला समाज कधीच कंजूष नसतो!) डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ मध्ये दररोज एक टन प्लास्टिकपासून डिझेल काढणारा प्रकल्प सुरू झाला. विदर्भातील तालुक्यांत मात्र असे प्रकल्प रुजलेले दिसत नाहीत.

दोष रसायनशास्त्राचा नव्हे. खरी गोम गोळा करण्यात आणि निवडण्यात आहे. ठिबकच्या जुन्या नळ्यांना भंगारवाला भाव देतो. त्यांचे पुन्हा प्लास्टिकच व्हावे, डिझेल नव्हे. मातीने माखलेल्या पातळ कागदाला मात्र कोणी विचारीत नाही. त्यात पीव्हीसी पाइपचे तुकडे मिसळले, तर त्यातील क्लोरीनचे आम्ल होऊन यंत्र गंजते व उत्प्रेरक निकामी होतो. शिवाय हे इंधन जळताना कार्बन वायू सोडतेच. प्रदूषणमुक्त म्हणून ते मिरविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्यांना येथे करण्याजोगे काम आहे, आणि ते यंत्र आणण्याच्या आधीचे आहे. हंगामाअखेरीस कागद झटकून, वाळवून ठेवण्यासाठी ग्रामपंचायतीकडून जागा मिळवावी. पीव्हीसी वेगळे काढणारे हात तयार करावेत. नांदुरा-मलकापूर पट्ट्यात वर्षाकाठी किती कागद निघतो, याची गावनिहाय नोंद ठेवावी. उद्या कोणी प्रकल्पाचा प्रस्ताव घेऊन आला, तर किलोमागे शेतकऱ्याला काय देणार, हे त्याला याच नोंदवहीच्या आधारे विचारता येईल.