संमती की शरणचिठ्ठी?

दाराची किल्ली ज्याच्या हाती आहे त्याने घरातल्या माणसाला ‘माझ्या अटी मान्य कर, नाही तर बाहेर हो’ असे बजावावे, त्या माणसाने निरुपायाने मान डोलवावी, आणि मग त्या मान डोलवण्यालाच ‘संमती’ असे गोंडस नाव द्यावे, हा कोणत्या शास्त्रातला न्याय? २०२१ सालच्या जानेवारीत व्हॉट्सॲप या संदेशसेवेने आपल्या कोट्यवधी भारतीय ग्राहकांपुढे नेमका हाच न्याय मांडला. ४ जानेवारीला तिने गोपनीयतेचे नवे धोरण जाहीर केले आणि ८ फेब्रुवारीपर्यंत ते न स्वीकारणाऱ्याला ही सेवा वापरता येणार नाही, असे फर्मान काढले. लोकांत क्षोभ उसळला तेव्हा मुदत १५ मेपर्यंत लांबवण्यात आली. अट मात्र तशीच राहिली. त्यानंतर हे प्रकरण स्पर्धा आयोग, अपील न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत गेले. परंतु न्यायासनापुढचे वाद आपल्या घरापर्यंत येत नाहीत, अशी जर कोणा जालनेकराची समजूत असेल तर ती त्याने वेळीच सोडून द्यावी, असे आम्हाला वाटते.

कारण या शहराचा आणि जिल्ह्याचा निम्मा व्यवहार आज याच एका सेवेच्या तारेवर चालला आहे. मोंढ्यातला आडत्या भाव कळवतो तो तिच्यावरून; अंबड-घनसावंगीकडचा मोसंबी बागायतदार फळाचे छायाचित्र व्यापाऱ्याला धाडतो ते तिच्यावरून; औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून सळईची मागणी नोंदली जाते ती तिच्यावरून; आणि शाळेने पालकांना, डॉक्टरांनी रुग्णांना, ग्रामपंचायतीने गावकऱ्यांना द्यायच्या सूचनाही तिच्यावरूनच येतात. अशा माणसाला ‘अटी पसंत नसतील तर दुसरी सेवा वापरा’ असे सांगणे म्हणजे बाजारपेठेत दुकान असलेल्या माणसाला ‘रस्ता पसंत नसेल तर दुसऱ्या गावी दुकान थाटा’ असे सांगण्यासारखे आहे. दुसऱ्या सेवा आहेत, हे खरे. पण त्यांच्यावर त्याचा आडत्या नाही, मुलांचे मास्तर नाहीत आणि पुण्याला शिकणारी मुलगीही नाही. एकट्याने मोडता येत नाही असा हा पाश आहे, आणि कंपनीला त्याची पुरेपूर जाणीव आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. व्हॉट्सॲपवरील खासगी संदेश २०१६ पासून अशा सांकेतिक कुलपात बंद असतात की, पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. ‘कंपनी आपली पत्रे वाचते’ ही त्या वेळी पसरलेली अफवा खरी नव्हती, आणि अफवांच्या पायावर कोणताही न्याय्य लढा उभा राहत नाही. परंतु पाकीट न फोडणारा टपालवालासुद्धा, कोणाला कोणाची पत्रे येतात, किती वेळा येतात, रात्री येतात की पहाटे, हे सारे वहीत टिपू लागला आणि ती वही जाहिरातदाराच्या पेढीवर नेऊन देऊ लागला, तर त्याला प्रामाणिक कोण म्हणेल? दूरध्वनी क्रमांक, यंत्राची ओळख, वापराच्या वेळा, पैशांच्या देवघेवीची माहिती, व्यापारी खात्यांशी झालेला संवाद, अशा नोंदींची देवाणघेवाण मालक कंपनीच्या इतर उद्योगांशी करण्याचा हा प्रश्न आहे. जालन्याच्या व्यापाऱ्याला हे अधिक समजावून सांगायला नको. कोणाचा कोणाशी व्यवहार आहे हे सांगणारी खतावणी तो परक्याच्या हाती देत नाही. मालाच्या किमतीपेक्षा ती वही मोलाची असते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

शिवाय या प्रकरणाला दिलेल्या शब्दाचा आणि मोडलेल्या शब्दाचा इतिहास आहे. २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतले तेव्हा ग्राहकांच्या गोपनीयतेत काही बदलणार नाही, अशी ग्वाही देण्यात आली होती. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, माहिती फेसबुकला देण्याचे धोरण आले. जुन्या ग्राहकांना नकार देण्यासाठी अवघे तीस दिवस मिळाले, नव्यांना तेवढेही नाहीत. त्या धोरणाविरुद्ध दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले, ही गोष्ट आम्हाला या साऱ्या कथेतली सर्वांत आशादायक वाटते. युरोपीय आयोगाने तर खरेदीच्या वेळी चुकीची माहिती दिली म्हणून मे २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड ठोठावला. २०२१ च्या धोरणाचा मसुदाही युरोपातील ग्राहकांसाठी वेगळा होता, कारण तेथे कायद्याचा पहारा कडक होता. सातासमुद्रांपलीकडच्या माणसाचे खासगी जीवन मौल्यवान आणि भोकरदनच्या माणसाचे कवडीमोल, हा भेदभाव आम्ही का सोसावा?

आपल्या देशातही न्यायसंस्था गप्प बसलेली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी, ‘घ्या नाही तर सोडा’ या पद्धतीने अटी लादणे म्हणजे बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर होय, असे ठरवून मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी मात्र रद्द केली. तपशिलाचे वाद वकील लढवतील. पण निरुपायाने दिलेला होकार हा खरा होकार नव्हे, हे तत्त्व आता केवळ वर्तमानपत्री तक्रार राहिलेले नाही, एवढे निश्चित.

मग आमची चिंता कशासाठी? ती यासाठी की, ज्या सरकारने या तत्त्वाची राखण करायची, तेच आपल्या कारभाराचे एक दार या कंपनीच्या अंगणात उघडत आहे. दंडाच्या आदेशाला पुरते चार महिनेही झाले नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच मेटा कंपनीशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवरून देण्याचे जाहीर केले. सोय म्हणून हे आम्हाला नापसंत नाही. मंठ्याच्या शेतकऱ्याची जिल्ह्याच्या ठिकाणची एक खेप वाचत असेल तर ती वाचलीच पाहिजे. परंतु सोयीचे दार हळूहळू एकमेव दार होते, हा अनुभव आपल्या गाठीशी आहे. तसे झाले तर दाखल्यासाठी नागरिकाला आधी एका परदेशी कंपनीच्या अटींवर अंगठा उठवावा लागेल, आणि त्या दिवशी व्यापारी कंपनीची सक्ती ही राज्यसंस्थेची सक्ती होईल.

केंद्र सरकारचे पाऊलही एकदा याच वाटेवर पडले होते. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घालून देण्याचा आदेश फोन बनवणाऱ्या कंपन्यांना दिला. देशभर आवाज उठला आणि ३ डिसेंबरला तो आदेश मागे घ्यावा लागला. हेतू चोऱ्या आणि फसवणूक रोखण्याचा होता असे मानले, तरी नागरिकाच्या खिशात त्याला न विचारता हात घालण्याचा अधिकार चांगल्या हेतूनेही मिळत नाही. १९४८ पर्यंत ज्या मराठवाड्याने सभेसाठी आणि वृत्तपत्रासाठीही निजामाच्या परवानगीकडे डोळे लावून बसण्याचे दिवस सोसले, त्याला हे कोणी शिकवण्याची गरज नाही.

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ असे काही सुशिक्षित मंडळी हसून विचारतात. त्यांना आमचा उलट सवाल आहे: आपण घराला दार कशासाठी लावता? घरात चोरीचा माल असतो म्हणून का? आजार, कर्ज, मुलीच्या स्थळाची बोलणी, भावाभावांतील वाटणी, यांत लाजिरवाणे काहीच नसते. तरी ते चव्हाट्यावर मांडायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा असतो. ‘सेवा फुकट मिळते’ हा दुसरा युक्तिवादही असाच पोकळ. जिची किंमत आधी सांगितली जात नाही आणि घेणाऱ्याने मागाहून वाढवली तर नाकारता येत नाही, ती वस्तू फुकट मिळाली असे बाजारात वावरणारा कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक आणि बिनशर्त असावी, ती मागणारा मजकूर आठव्या परिशिष्टातील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळावा आणि दिलेली संमती तितक्याच सहजपणे परत घेता यावी, असे त्यात लिहिले आहे. शब्द उत्तम आहेत. पण नियम निघण्यास १४ नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य तरतुदी अमलात आणण्यासाठी त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. शिवाय सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही त्याच कायद्यात मोकळी आहे. कुलूप चांगले आहे. पण किल्ली कोणाकोणाकडे राहणार, हे नागरिकाने विचारलेच पाहिजे.

म्हणून आमचे मागणे थोडके आणि स्वच्छ आहे. राज्य शासनाने मेटाशी केलेला करार मराठीत प्रसिद्ध करावा आणि नागरिकाची कोणती माहिती कोणाकडे राहते ते सांगावे. कोणतीही सरकारी सेवा केवळ व्हॉट्सॲपवरच मिळेल अशी वेळ येऊ देऊ नये. तहसिलीची खिडकी आणि गावचे सेवा केंद्र तितकेच चालते राहावे. जिल्हा परिषद, नगरसंस्था आणि शाळा यांनी महत्त्वाची प्रत्येक सूचना फलकावरही लावावी, म्हणजे ज्याने नकार दिला त्याची ना मुलाची परीक्षा चुकेल, ना पाण्याची पाळी. आणि कंपनीने संदेश पोहोचवण्याची संमती वेगळी व माहिती वाटण्याची संमती वेगळी मागावी; दुसरी नाकारणाऱ्याची पहिली सेवा तोडू नये.

नकार देणाऱ्याला कसलीही झळ पोहोचत नाही तेथेच होकाराला अर्थ असतो. तो अर्थ जोपर्यंत या व्यवहारात नाही, तोपर्यंत पडद्यावरच्या त्या हिरव्या बटणाला आम्ही संमती म्हणणार नाही. ती शरणचिठ्ठीच आहे. आणि ती लिहून घेणाऱ्यांच्या पंक्तीत आपल्या शासनाने बसू नये, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.